लिहायला कुठं जाता?

गेल्या रविवारी सोलापुरातल्या एका वाचनालयात माझ्या कादंबरीवर गप्पांचा कार्यक्रम होता. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतली कॉलेजातली एक मुलगी उठली. "ताई, तुम्ही लिहायला कुठं जाता?" मी म्हटलं, "कुठंच नाही गं. साखर पेठेतच असते." लोक हसले, टाळ्या झाल्या, कार्यक्रम संपला. ती मात्र हसली नाही. खाली बसताना मैत्रिणीला हळूच म्हणाली, "इथं लिहिण्यासारखं काय आहे की." ते वाक्य माझ्या कानावर पडलं आणि चार दिवस कानातच राहिलं. तिला नीट उत्तर द्यायला हवं होतं, ते इथं देते आहे.

तिच्या प्रश्नामागचं चित्र मला चांगलं ठाऊक आहे, कारण पस्तिशीपर्यंत माझ्याही मनात तेच होतं. लेखिका म्हणजे डोंगरातलं एक घर, मोठी खिडकी, खाली दरी, दरीतून वर येणारं धुकं. टेबलावर चहा, समोर कोरा कागद आणि निसर्ग आपोआप कागदावर उतरतोय. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे चित्र जरा जास्तच भुलवतं. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला की वाटतं, आपल्याला सुचत नाही ते या उन्हामुळंच.

सात वर्षांपूर्वी तशी संधी आली. एका नातेवाइकांचं पाचगणीतलं घर पावसाळ्यात रिकामं असायचं. जून ते सप्टेंबर मी तिथं राहिले. टेबललँडच्या पठारावर चालायला जायचे. महाबळेश्वर तिथून वीसेक किलोमीटर, साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर. जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात महाबळेश्वरात जेवढा पाऊस कोसळतो, तेवढ्यावर आमचं अख्खं वर्ष निघतं. पहिले पंधरा दिवस मी नुसती खिडकीशी बसून होते. ते दिवस खरोखर सुंदर होते, हे मी कधीच नाकारणार नाही.

चार महिन्यांत 140 पानं झाली. गौरीच्या सुमारास ती सलग वाचली आणि पोटात खड्डा पडला. माझी नायिका पानोपानी खिडकीतून बाहेर बघत होती. तिला काम नव्हतं, कर्ज नव्हतं, तिच्या घरात कुणी आजारी नव्हतं. धुकं सतरा वेळा आलं होतं. (मी मोजलं.) डोंगरानं मला भरभरून दिलं होतं, पण त्यात एकही माणूस नव्हता.

माणूस तर रोज सकाळी आठला दारात यायचा. स्वयंपाकाला यायच्या त्या मावशी. त्यांच्या घरी एकरभर स्ट्रॉबेरी होती. पाऊस ओसरला की गादीवाफे करायचे, मल्चिंग पेपर अंथरायचा, त्याला भोकं पाडून रोपं लावायची, रोपांचे पैसे आधी मोजायचे आणि मग थंडीकडं डोळे लावून बसायचं. धुकं म्हणजे त्यांच्या लेखी न वाळलेले कपडे, सादळलेली काडेपेटी आणि सासऱ्यांचा दमा. पावसाआधी घराच्या भिंतींना गवताचे आणि प्लॅस्टिकचे आडोसे बांधायचे, त्यात किती दिवस आणि किती हात लागतात, हे त्या पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. मी "हो का" म्हणायचे आणि परत खिडकीकडं वळायचे. त्या घरात कादंबरी होती ती पोळपाटाजवळ. मला ते कळलं तेव्हा माझे परतीचे आठ दिवस उरले होते.

इथं एक स्पष्ट करते, नाहीतर कुणी म्हणेल की हिला डोंगरात जमलं नाही म्हणून डोंगराला नावं ठेवते. मुळीच नाही. जी लेखिका तिथं वीस वर्षं राहिली आहे, जिनं पर्यटक गेल्यावरचे ओले, अंधारे, बिनकमाईचे चार महिने वीस वेळा काढले आहेत, तिला तो डोंगर कादंबरी देईल आणि द्यायलाच हवी. तिचं लिखाण मी रांग लावून वाचेन. जवळच भिलार आहे. 2017 साली ते पुस्तकांचं गाव झालं, लोकांनी राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं मांडली. मीही तिथं एका घरात दुपारभर वाचत बसले होते. घरच्या काकूंनी काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अशा घरातली एखादी मुलगी उद्या लिहायला लागली, तर तिला खिडकीचं कौतुक नसेल. तिला पोळपाट आधी दिसेल.

परतीचा रस्ता मला अजून आठवतो. वाई, सातारा, मग दहिवडी, म्हसवड, पंढरपूर. हिरवं हळूहळू विरळ होत जातं, डोंगर बसके होतात, मग बाजूला सरकतात आणि आभाळ एकदम मोठं होतं. सोलापूर स्टँडवर उतरले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि उकडत होतं. रिक्षा गल्लीत वळली तसा यंत्रमागांचा खटखटाट सुरू झाला. मला रडूच आलं. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. माग बंद पडला की झोपेतही कळायचं, कारण शांततेनं जाग यायची.

दुसऱ्या दिवशी समोरच्या अक्कांच्या पायरीवर जाऊन बसले. अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या. त्यांच्या आजे-सासऱ्यांनी तेलंगणातून येऊन इथल्या गिरणीत नोकरी धरली. घरातल्या पुरुषांचे हात मागावर आणि बायकांचे विड्यांवर, अशी त्यांच्या तीन पिढ्यांची वाटणी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, हातात कात्री. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे मी हजारदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी डोंगरात चार महिने फुकट घालवून आले होते, म्हणून पहिल्यांदा नीट पाहिलं. मजुरी हजार विड्यांवर मिळते. विडी कंपनीच्या कार्यालयात माल तपासताना ज्या विड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत, पण त्यांत गेलेली पानं आणि संध्याकाळ अक्कांचीच. त्या बाजूला काढलेल्या विड्यांपासून माझी कादंबरी सुरू झाली.

पहिलं प्रकरण मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर लिहिलालीस. पण मी पैसे मराठीत मोजत नाही." खरंच की! अक्का माझ्याशी मराठीत बोलतात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी दखनीत, अक्कलकोटकडून येणाऱ्या भाजीवालीशी मोडक्या कानडीत. मोजायचं असलं की ओकटी, रेंडू, मूडू. रागही तेलुगूतच येतो. माझ्या पात्राला मी चोवीस तास मराठीत बोलवत होते, म्हणजे तिचं अर्धं आयुष्य पुसून टाकत होते. अख्खं प्रकरण परत लिहिलं. कुठल्या भाषेत माणूस पैसे मोजतो, कुठल्या भाषेत देवाशी बोलतो आणि कुठल्या भाषेत खोटं बोलतो, हे मला या एका गल्लीनं शिकवलं. चार भाषा एकाच नळावर उभ्या असतात, असं गाव कादंबरीकाराला मिळणं हे भाग्य आहे, असं मी मनापासून मानते.

आणि नळावरून आठवलं. डोंगर आमच्या आयुष्यात नाही, असंही नाही. आमच्या घरी तो आकडा होऊन येतो. भीमा निघते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. पुण्याकडच्या घाटांत पाऊस झाला की तिकडची धरणं भरतात, पाणी नद्यांतून दौंडला येतं आणि तिथून उजनीत. जुलै-ऑगस्टमध्ये सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा, दौंडचा विसर्ग किती हजार क्युसेक झाला, हे शाळा न शिकलेला माणूसही सांगेल. वडील हयात होते तोवर रोज सकाळी पेपर उघडून हा आकडा मोठ्यानं वाचायचे. उजनीची क्षमता 117 टीएमसी, पण त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा, आणि शून्य टक्के धरतात ते त्या मृतसाठ्याच्या वर. त्यामुळं उन्हाळ्यात आमचं धरण 'वजा'त जातं. "उजनी वजा तीस" हे वाक्य बाहेरच्या माणसाला समजायचं नाही, आमच्याकडं ते ऐकून बायका पिंप घासून ठेवतात. पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. ते बघायला लोक हौसेनं जातात, फोटो काढतात. मला त्या फोटोंकडं बघवत नाही. देऊळ जितकं जास्त दिसतं, तितका आमचा नळ उशिरा येतो.

आता मुद्द्याचं बोलते. आपण मराठी माणसांनी गावांना विशेषणं वाटून टाकली आहेत. पाचगणी-महाबळेश्वर, कोकण 'निसर्गरम्य' आणि आम्ही 'दुष्काळी'. दोन्ही विशेषणं सारखीच वाईट, कारण दोन्ही ऐकल्यावर माणूस बघायचं थांबतो. रम्य गावातलं कर्ज दिसत नाही आणि दुष्काळी गावातलं रूप दिसत नाही. संक्रांतीला या, सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत या. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, सात नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांची वाट आणि मग अक्षता. या योग्यावर कुंभाराच्या मुलीचं मन बसलं, त्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, आणि ते लग्न हे शहर अजून दरवर्षी लावतं. त्या मुलीच्या मनात काय आलं असेल, यावर मी दहा वर्षं विचार करते आहे.

नाहीतर सोलापूरजवळच्या नान्नजला चला. तिथलं माळरान पहिल्यांदा बघणारा म्हणतो, इथं काहीच नाही. तासभर गप्प बसलं की गवतातून धाविक पक्षी पळताना दिसतो, चंडोल उठतो, लांबवर काळवीट मान वर करतं. या माळावरच्या माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. मी शाळेत असताना सहलीत लांबून माळढोक पाहिला होता. आता तो दिसला तर पेपरात बातमी येते. गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणत आलो, आणि पडीक म्हटल्यावर तो मोडून टाकायला कुणाला काही वाटत नाही. घाटातलं एक झाड तोडलं तर लोक रस्त्यावर येतात, ते यावंच. माळ गेला तेव्हा कोण आलं? त्याचं वर्णन कुणाच्या मनात नव्हतंच. म्हणून त्या मुलीचं "इथं लिहिण्यासारखं काय आहे की" मला इतकं लागलं.

परवा मी आयोजकांना सांगून तिला निरोप पाठवला, घरी ये म्हटलं. काल संध्याकाळी आली. तिची आई एमआयडीसीत गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे. तुझी आई दिवसभर काय करते, असं विचारल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "शर्ट शिवते." मग हळूहळू निघत गेलं. आई पूर्ण शर्ट कधीच शिवत नाही, तिच्याकडं फक्त कॉलर येते. जूनमध्ये रस्त्यानं शाळेची मुलं चालली की ती त्यांच्या गळ्याकडं बघते, ही आपली कॉलर असेल का म्हणून. हे सांगताना पोरगी मध्येच थांबली. बहुतेक तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

निघताना मी तिला एवढंच सांगितलं, की आई कॉलरी मोजताना कुठल्या भाषेत मोजते, ते घरी जाऊन विचार. आत्ता मेसेज आलाय. "ताई, एक ते वीस कन्नडमध्ये, पुढं मराठीत. का ते तिलाच माहीत नाही. मी लिहायला बसलेय."