गाविलगड ‘न लढता दिला’ म्हणे!

आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून उगवतोच: ‘विदर्भात डोंगरी किल्ला असा नाहीच. गाविलगड इंग्रजांनी चिखलदऱ्याबरोबर बांधला, आणि नागपूरच्या भोसल्यांनी तो १८०३ मध्ये न लढता इंग्रजांना देऊन टाकला.’ ज्यांनी बांधला त्यांनाच दिला कसा, हे कोणी विचारत नाही. अंगठा दाखवून सगळे मोकळे.

डोंगरी किल्ला नाही? नरनाळा आहे, माणिकगड आहे. आपण नागपूरकरांनी किल्ला म्हणून सीताबर्डीच पाहिलेली, तीही ठरावीक दिवशी उघडते तेव्हा. त्यात विदर्भाचा काय दोष?

इंग्रजांनी बांधला? चिखलदरा त्यांच्या नजरेत भरला १८२३ मध्ये. गडाची तटबंदी अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास उभारल्याचं जुना इतिहासकार फिरिश्ता सांगतो. नाव गवळ्यांचं, म्हणजे वस्ती त्याहून जुनी असावी. दिल्ली दरवाजापाशी मान वर करून बघा: दोन तोंडांचा गंडभेरुंड, चोचींत हत्ती. विजयनगरचा हा पक्षी वऱ्हाडात कसा? तर वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतेहउल्ला जन्माने कानडी ब्राह्मण, विजयनगरच्या लढाईत पकडला गेलेला.

आता ‘न लढता’. इथे मात्र मला राग येतो. दक्षिणेला सरळ तुटलेला कडा. त्या बाजूने इंग्रज सेनापती वेल्स्लीच्या तोफांनी फारसं काही साधलं नाही. गडाची दुखरी बाजू उत्तरेची, लबाडा गावाकडून येणारी. तिथवर पोहोचायला इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून आधी स्वतः रस्ता केला, मग जड तोफा हातांनी ओढल्या. न लढणाऱ्यासाठी एवढा खटाटोप कोण करतं राजेहो? १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून ते घुसले, तरी आतला कोट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली, तिने आतून दरवाजा उघडला तेव्हा कुठे गड पडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजाजवळच्या मुडद्यांत सापडला.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचं कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पण गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडेच ठेवले गेले. म्हणजे मेसेज नेमका उलटा: गड गेला लढून, परत आला तहात.