‘गिअरबॉक्स नाही, चालवणारा चुकतो’: देवगडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या बिघाडावर आणि वॉरंटीवर मी लिहिलेल्या लेखाला आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. पहिला, कोकणात ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स बिघडतात ते घाटात गाडी चालवता येत नाही म्हणून. दुसरा, वॉरंटीच्या नादात कोल्हापूरला चार खेपा घालण्यापेक्षा गावातल्या मेकॅनिककडून ऑइल बदलून घेतलेलं परवडतं. तिसरा, ‘तीनदा बिघडली की नवी गाडी मागा’ असं लिहून मी लोकांना उगाच भांडायला लावतो. तिसऱ्यात तुमचं बरंचसं खरं आहे, ते वाक्य मी सैल लिहिलं होतं. पहिल्यात अर्धं खरं आहे. दुसरं मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण ज्यांचा दावा सहज उभा राहिला असता अशा लोकांचं नुकसान नेमकं तिथेच होतं.

आधी चालवण्याचं. इथे गिअरबॉक्सचा प्रकार पाहिल्याशिवाय बोलूच नये. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. त्याचा क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने हलणारी यंत्रणा) करतो. क्लच कोरडा, एकच प्लेट. फोंडा घाटात पुढे ट्रक अडकलाय आणि तुम्ही ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर धरून ठेवलीत, तर तो सगळा वेळ हाफ क्लचमध्येच जातो. दोन-तीन मिनिटांत वास येतो. कोरड्या ड्युअल क्लचचंही (दोन क्लच आलटून पालटून वापरणारा गिअरबॉक्स) तेच. अशा गाडीत पुढे गाडीच्या दोन लांबींइतकी जागा मोकळी होईपर्यंत ब्रेकवर थांबावं, मॅन्युअल मोडमध्ये पहिला टाकावा आणि एका दमात चढून जावं. इतकं मान्य.

पण टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत असा कोरडा क्लच नसतोच. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा ऑइलचा. घाटात ऑइल तापतं हे खरं, पण त्यासाठी कूलर दिलेला असतो, आणि चार माणसं नि सामान घेऊन करूळ घाट चढणं हा गाडीचा रोजचा वापर आहे, गैरवापर नव्हे. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी बेल्ट आणि पुल्यांवर चालणारा गिअरबॉक्स) चढावर रेस वाढलेली राहते आणि वेग सावकाश येतो, ते त्याच्या रचनेतच आहे. मात्र ‘डी’त टाकल्यावर सेकंद-दीड सेकंद काहीच न होता मग एकदम हिसका बसणं, सपाट रस्त्यावर गचके, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना रेस नुसतीच वर जाणं, हे कुठल्याही प्रकारात चालवणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

वर्कशॉपने ‘क्लच तुम्हीच जाळलात’ म्हटलं तर वाद घालू नका. प्लेट आणि फ्लायव्हील उघडल्यावरचे फोटो मागा, आणि प्लेटची मोजलेली जाडी जॉबकार्डावर लिहून घ्या. फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर जास्त उष्णता झालेली आहे. ती हाफ क्लचमुळे झाली, की ॲक्च्युएटर क्लच पुरता सोडत नव्हता म्हणून, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारलाच पाहिजे. चालवण्याला दोष देऊन मोकळं होण्याची खोड इथलीच नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सची थरथर ग्राहकांच्या चालवण्यामुळे होते असं सांगितलं जात होतं, दोष गिअरबॉक्सचा आहे हे कंपनीला ठाऊक असतानाही. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आता ऑइल. ‘बदललं की काम होतं’ हे कधीकधी खरंही असतं. लॉकअप क्लचची (टॉर्क कन्व्हर्टरमधला, चालत्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) थरथर ताज्या ऑइलने काही दिवस थांबते. पण वॉरंटीतल्या गाडीत बाहेर ऑइल काढलंत की तीन गोष्टी हातून जातात. ड्रेन प्लग उघडल्याची खूण राहते आणि कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. जुनं ऑइल हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, तो डब्यात ओतला जातो. आणि पातळी चुकते. बहुतेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी चारही चाकांवर समपातळीत, इंजिन चालू, ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास (नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो), आणि ओव्हरफ्लोच्या भोकातून बारीक धार येते तिथे पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. अंदाजाने भरलं आणि अर्धा लिटर कमी पडलं, तर चढावर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फेस येतो, आणि फेसात दाब धरत नाही. त्यातून सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) पडलं तर बेल्ट आणि पुल्यांचं नुकसान होतं, ते परत भरून निघत नाही. (वॉरंटी संपलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ‘लाइफटाइम फिल’वर, म्हणजे ऑइल कधीच बदलायला नको या दाव्यावर, विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत ऑइल बदलायला सांगते.)

ऑइलकडे नीट बघितलं तर ते बोलतं. बरीच एटीएफ लाल असतात. नवं असताना कोकमाच्या आगळासारखा स्वच्छ, पारदर्शक रंग. वापरून तपकिरी झालं तर एक वेळ चालेल. काळं आणि करपट वासाचं म्हणजे आतले क्लच जळालेत. आणि सोलकढीसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं की आत पाणी गेलंय, हे पक्कं समजा. आपल्याकडे पावसात असं ऑइल दिसलं रे दिसलं की वर्कशॉप लगेच ‘पुराच्या पाण्यातून गाडी घातलीत’ असं लिहून मोकळं होतं, कारण पाणी शिरणं वॉरंटीत बसत नाही. कधी ते खरंही असतं. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं. पण बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतो आणि रंग अगदी तसाच दिसतो. हा सुट्या भागाचा दोष, तुमचा नव्हे. फरक कळायला सोपा आहे. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरली आहे का, आणि टाकीच्या झाकणाला आतून तेलकट थर आलाय का, ते पाहा. ऑइलमध्ये ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) सापडलं तर विषय मिटला, पुराच्या पाण्यात ग्लायकॉल नसतं. म्हणून ऑइल निघेल तेव्हा समोर उभं राहून १०० मिलिलिटर नमुना स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या, वर तारीख, किलोमीटर आणि जॉबकार्ड नंबर लिहा, वर्कशॉपची सही घ्या.

मूळ लेखात मी ज्याला पुरेशी जागा दिली नव्हती ते आता सांगतो: दुरुस्त झालेला गिअरबॉक्स परत का बिघडतो. बहुतेक वेळा तुटलेली वस्तू बदलली जाते, तोडणारी तशीच राहते. आतले क्लच झिजले की धातूची आणि फ्रिक्शनची बारीक पूड ऑइलबरोबर कूलरमध्ये आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसते. नवा गिअरबॉक्स चढवला पण कूलर फ्लश केला (आतून धुऊन काढला) नाही किंवा बदलला नाही, तर पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये तीच पूड नव्या व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटणारा भाग) येऊन त्यातले सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, अडकवते. व्हॉल्व्ह बॉडी बदलली आणि स्कॅनरने ॲडॅप्टेशन (नव्या भागाशी जुळवून घ्यायला शिकवणं) केलंच नाही, तर कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, जुन्या झिजेच्या हिशोबाने दाब देत राहतो, हिसके कायम. उलट, नुसतं ॲडॅप्टेशन रीसेट करून गाडी दिली तर थोडे दिवस बरी वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सॉफ्टवेअर अपडेटचंही असंच. तो खराच उपाय असू शकतो, पण आधीची आणि नंतरची आवृत्ती बिलावर लिहिलेली नसेल तर अपडेट झालाच होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांत आणखी एक कारण असतं. खाऱ्या हवेने अर्थिंगची पट्टी आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, व्होल्टेज पडतो, आणि कंट्रोलर गिअरबॉक्सचा एरर दाखवतो. एएमटीत हे जास्त, कारण ॲक्च्युएटरला करंट भरपूर लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर गिअरबॉक्स खोलायच्या आधी बॅटरी आणि अर्थिंग बघायला लावा.

तेव्हा दुरुस्तीनंतर ‘झाली का गाडी?’ एवढंच विचारू नका. कूलर फ्लश केला की बदलला? टॉर्क कन्व्हर्टर जुनाच आहे का? बसवलेला गिअरबॉक्स नवा की रिमॅन (जुना दुरुस्त करून पुन्हा बांधलेला)? जुना आणि नवा सीरिअल नंबर काय? ही उत्तरं शून्य रुपयांच्या वॉरंटी बिलावर हवीत. बिल शून्याचं असलं तरी ते मागून घ्या, बरेच जण घेतच नाहीत. आणि बदललेल्या भागाला नवी वॉरंटी मिळते असं धरू नका. बहुतेक कंपन्या त्याला गाडीच्या उरलेल्या वॉरंटीपुरतीच देतात. तक्रार वॉरंटीच्या आत नोंदलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं.

नोंद कशी करावी, तेही बघा. सर्व्हिस ॲडव्हायझर लिहितो, ‘गाडी झटके देते. तपासली, ठीक.’ अशी पाच जॉबकार्डं जमली तरी ग्राहक आयोगापुढे त्यांचा उपयोग नाही. सही करण्याआधी तुमच्या शब्दांत हे लिहायला लावा: ‘गाडी थंड असताना नाही. साधारण २० किमी चालल्यावर, चढावर, हलक्या ॲक्सिलरेटरवर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, ताशी ३० च्या आसपास हिसका. दहापैकी सहा-सात वेळा.’ एवढं वाचून शिकलेला तंत्रज्ञ निम्मी कारणं वगळू शकतो. त्याच कागदावर स्कॅनचा पूर्ण अहवाल मागा, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले एररचे क्रमांक) पुसण्याआधीचा. पी ०७०० एकटाच असेल तर ती नुसती ‘गिअरबॉक्सकडे बघा’ अशी खूण. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, काहीतरी घसरतंय. पी ०७४१ लॉकअप क्लचचा, पी ०२१८ अति तापल्याचा. कोडसोबतच्या फ्रीझ फ्रेममध्ये त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान असतं. स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर वापरत असाल तर वापरा, पण ते अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतं, आणि त्यावरचं ‘क्लिअर’चं बटण चुकूनही दाबू नका.

दोष वर्कशॉपच्या फाटकाबाहेरच्या सपाट रस्त्यावर दिसणार नाही. टेस्टला तंत्रज्ञ शेजारी, स्कॅनर जोडलेला, लाइव्ह डेटा रेकॉर्ड होत असलेला, आणि रस्ता दोष जिथे येतो तसाच. रत्नागिरीत असाल तर निवळीच्या घाटापर्यंत न्या, कोल्हापुरात पन्हाळ्याच्या चढाला. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ताशी ५० ते ८० ला रंबलरवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर एक चाचणी तिथल्या तिथे करता येते. मागे गाडी नाही हे पाहून ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. थरथर त्या क्षणी थांबली तर लॉकअप क्लच सुटला, दोष तिथेच शोधायचा. थांबली नाही तर प्लग, कॉइल, माउंटिंग आधी बघा.

कोल्हापूरच्या खेपांबद्दलचा तुमचा त्रागा रास्त आहे. त्यावर उपाय असा की जॉबकार्ड जवळच्या अधिकृत सेंटरमध्ये, म्हणजे कणकवली-कुडाळ जिथे असेल तिथे उघडायचं, आणि मोठ्या वर्कशॉपला गाडी पाठवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकायची. गाडी बंद पडली तर रोडसाइड असिस्टन्सला फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागा. ऑटोमॅटिक गाडी, इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून, घाटातून ओढत नेली तर गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही, आणि ते नुकसान तुमच्याच खात्यात जातं.

राहिला नव्या गाडीचा मुद्दा. २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या क्लचच्याच तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नव्हे. तेव्हा ‘तीनदा बिघडली की नवी गाडी’ असा आपल्याकडे नियम नाही, आणि मी तसं सुचवायला नको होतं. दुरुस्ती होतच नाही, मूळ उत्पादनदोष आहे, हे तज्ज्ञाच्या अहवालानिशी दाखवलं तर गाडी किंवा पैसे परत मागता येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सिंधुदुर्गातच. ५० लाखांपर्यंतच्या गाडीचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे, आणि १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. त्याआधी डीलर आणि कंपनी दोघांना एकाच ईमेलवर सगळे जॉबकार्ड नंबर, तारखा आणि किलोमीटर टाकून एकच प्रश्न विचारा: दोषाचं मूळ कारण काय सापडलं, ते १५ दिवसांत लेखी कळवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा.

तुमची गाडी एएमटी आहे की टॉर्क कन्व्हर्टर, ते प्रतिक्रियेत आलेलं नाही. शेवटचं जॉबकार्ड आणि स्कॅनचा कागद असेल तर चासी नंबर आणि मोबाइल नंबर झाकून इथेच टाका. गावातल्या मेकॅनिककडून ऑइल अजून काढलेलं नसेल, तर तूर्त काढू नका.