नायट्रस पेटत नाही, म्हणून ते डिकीत ठेवायचं?

गाडीचा जोर वाढवायला इंजिनात सोडतात त्या नायट्रस ऑक्साइड या वायूबद्दल नागपूरच्या भाच्याने एक लांबलचक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, बाटली मिळतेय, बसवून घेऊ का?" त्याच्याकडे १.२ लिटरची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक आहे. तोच मेसेज नंतर गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवरही फिरताना दिसला. माझं रोजचं काम इंजिनाचं, त्यामुळे भाच्याला फोनवर "अजिबात नको" एवढं सांगून भागलं. पण हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचतोय त्या सगळ्यांच्या घरात विचारायला कोणी असेलच असं नाही.

मेसेजचं म्हणणं असं. नायट्रस ऑक्साइड पेटत नाही, हॉस्पिटलात पेशंटला देतात, म्हणजे सुरक्षित. कुठल्याही पेट्रोल गाडीला बसतं, इंजिनाला काही होत नाही. बाटली थंड पडून जोर कमी झाला तर खालून टॉर्च, म्हणजे गॅसची ज्वाळा, दाखवायची. नायट्रस नाही मिळालं तर कोरोनात घेतलेला ऑक्सिजन सिलेंडर चालतो, कारण ‘शेवटी दोन्हीत ऑक्सिजनच’. मायलेज वाढतं. आणि कायद्यात कुठेही बंदी नाही.

पेटत नाही, हे खरं आहे. नायट्रस स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतं. पण त्याचा आणखी एक गुण आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही: ते स्वतःच फुटून नायट्रोजन आणि ऑक्सिजन होऊ शकतं, आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. त्याला इंधन लागत नाही. ही क्रिया बंद टाकीत, दाबाखाली सुरू झाली की स्फोट होतो.

२६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे हेच झालं. कंपनी होती स्केल्ड कंपोझिट्स. खासगी यानाने अंतराळाच्या सीमेपलीकडे जाऊन २००४ मध्ये एक कोटी डॉलरचं एक्स प्राइझ जिंकणारी हीच कंपनी. त्या यानाचं इंजिन रबर आणि नायट्रसवर चालायचं. त्या दिवशी पुढच्या यानासाठी चाचणी चालू होती. इंजिन पेटवायचं नव्हतं, इंधन नव्हतं, ठिणगी नव्हती. नायट्रस फक्त वाहून बघायचं होतं. टाकी फुटली, तीन माणसं जागीच किंवा नंतर दगावली आणि तीन जखमी झाली. पुढे याच कंपनीने नायट्रस हाताळणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. त्यातला मुख्य मुद्दा स्वच्छतेचा आहे: तेल, ग्रीस, कुठलाही जळणारा पदार्थ नायट्रसच्या वाटेत राहिला तर ते बिथरण्याची शक्यता वाढते. यान अंतराळात पाठवणाऱ्या लोकांना हे तीन जीव गेल्यावर नीट उमगलं. आणि इथे कोणीतरी सांगतो की टपरीवरच्या फिटरकडून, हाताला ऑइल लागलेलं असताना, लाइन जोडून घ्या.

मोहावीची टाकी मोठी होती, गाडीतली बाटली साडेचार किलोची असते, हे मान्य. नीट बनवलेली, नीट भरलेली बाटली अशी आपोआप उडत नाही. पण मेसेज नीट वापरायला सांगतच नाही. तो टॉर्च लावायला सांगतो, आणि माझा सगळ्यात जास्त राग या मुद्द्यावर आहे.

गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ पीएसआयच्या आसपास हवा भरतो. नायट्रसच्या बाटलीत २० अंशांना ७३० पीएसआयच्या आसपास दाब असतो. ३६.४ अंशांना तो हजाराच्या वर जातो. हा ३६.४ चा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या वर नायट्रस द्रव राहूच शकत नाही. त्या तापमानापर्यंत बाटलीत खाली द्रव आणि वर वायू असतो. त्याच्या पुढे सगळं एकजीव होतं, आणि बाटली भरलेली असेल तर तापमानाच्या प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. आता मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश, गाडी उन्हात, काचा बंद, बाटली डिकीत. टॉर्च न दाखवताच आपण मर्यादा ओलांडलेली असते. नायट्रसच्या ज्या किटची पुस्तकं अमेरिकेत लिहिली जातात तिथे बाटली थंड पडते म्हणून गरम करायची सोय देतात. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात अडचण नेमकी उलटी आहे.

गरम करावी लागते हे अर्धसत्य आहे, तेही कबूल करतो. नायट्रस सोडताना द्रवाची वाफ होते, बाटली गारठते, दाब पडतो. त्यासाठी दाब ठरावीक आकड्याला पोचला की आपोआप बंद होणारा विजेचा पट्टा मिळतो. पण ज्वाळा? बाटली बहुतेक ॲल्युमिनियमची असते. एका जागी आच लागली की तिथली भिंत मऊ पडते आणि ताकद गमावते. बाटलीच्या तोंडाशी एक पातळ चकती असते, दाब फार वाढला तर ती फुटून गॅस बाहेर जावा म्हणून. ती चकती बाटलीची भिंत शाबूत आहे असं धरून बसवलेली असते. भिंतच आधी ढिली केली तर चकती फुटण्याआधी बाटली फुटते. आच लागलेला ॲल्युमिनियमचा सिलेंडर वरून चांगला दिसला तरी बादच धरायचा.

आणि समजा चकतीने तिचं काम चोख केलं, तरी गॅस जातो कुठे? साडेचार किलो नायट्रसचा साधारण अडीच हजार लिटर वायू होतो. छोट्या हॅचबॅकच्या केबिनची जागा जवळपास तेवढीच. हॅचबॅकला डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते, मागच्या सीटवरची एक ट्रे असते. म्हणजे ताशी ऐंशीने चाललेल्या गाडीत चालक आणि मागे बसलेली पोरं काही क्षणांत भुलीच्या गॅसमध्ये बसलेली असतात.

‘हॉस्पिटलात देतात’ याचं उत्तर इथेच आलं. भूलतज्ज्ञ नायट्रस कधी एकटं देत नाही, ऑक्सिजनबरोबर देतो. भुलीच्या मशिनमध्ये सोयच अशी असते की ऑक्सिजनचा पुरवठा तुटला तर नायट्रसही बंद पडतं. नुसतं नायट्रस हुंगणारा माणूस गुदमरतो. हॉस्पिटलातल्या वापराचा दाखला देणाऱ्याने ही सोय तेवढी गाळली आहे.

आता ऑक्सिजन सिलेंडर. हे वाचून माझे हात थरथरले, कारण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी घेतलेले सिलेंडर खरोखरच अजून माळ्यावर, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहेत. नायट्रसमध्ये ऑक्सिजनच्या एका अणूबरोबर नायट्रोजनचे दोन असतात. तो नायट्रोजन जळत नाही, उष्णता पोटात घेतो आणि जाळ आटोक्यात ठेवतो. शिवाय नायट्रस द्रवरूपात येऊन आत थंडावा करतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये यातलं काहीच नाही. वर आपल्या इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, आत बोट फिरवून बघा. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत घेणाऱ्या नळीतून, येणाऱ्या ऑइलचा चिकट काळा थर तिथे असतोच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज पडत नाही, म्हणून तर ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नये असं बजावलेलं असतं. हा ‘उपाय’ करून पाहणाऱ्याचं इंजिन तर जाईलच, पण बॉनेटजवळ कोण उभं असेल याची मला जास्त काळजी आहे. घरात असा सिलेंडर असेल तर पुरवठादाराला परत करा.

इंजिनाला काही होत नाही, हा मुद्दा माझ्या टेबलावरचा. नायट्रस बेकार आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावरच्या विरळ हवेत विमानांचा जोर टिकवायला ते वापरलं. ड्रॅग रेसवाले आजही वापरतात, आणि त्यांची इंजिनं टिकतातही. पण त्यांचे पिस्टन फोर्ज केलेले, म्हणजे जास्त मजबूत घडवलेले असतात, पेट्रोलचा पंप वेगळा असतो, प्लग थंड जातीचे, म्हणजे लवकर न तापणारे असतात, ठिणगीचं टायमिंग मागे घेतलेलं असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला हवा लागते १४.७ किलो. नायट्रस लागतं साडेनऊ-दहा किलो. म्हणजे जेवढं नायट्रस आत सोडाल त्या मानाने पेट्रोलही जास्त घालावंच लागतं. आपल्या हॅचबॅकचा पंप आणि इंजेक्टर कंपनीच्या ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरच्या हिशेबाने दिलेले. वर पन्नासचा शॉट मारला, म्हणजे पन्नास हॉर्सपॉवर वाढेल एवढं नायट्रस सोडलं, की इंजिन लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणं, सुरू होतं.

लीन चाललेल्या इंजिनाचा प्लग काढला की आधी तिथेच कळतं. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके दिसतात. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, वितळून उडालेलं. हेड उघडलं की पिस्टनची कड एका बाजूने खाल्लेली असते, रिंगांच्या मधली पट्टी तुटून रिंग अडकलेली असते, आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या बोअरला वरपासून खालपर्यंत ओरखडे. मग रीबोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम. त्या वयाच्या गाडीला दुसरं इंजिन टाकणं कधीकधी स्वस्त पडतं.

एक गोष्ट तर किट विकणारेही पोरांना सांगत नाहीत. पूर्ण रेस दिलेली असताना इंजिन रेव्ह लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांच्या ठरलेल्या कमाल मर्यादेला, टेकलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो. नायट्रसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, मात्र उघडाच, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पेट्रोल बंद, नायट्रस चालू: पिस्टन घालवायला तो क्षण पुरतो. यासाठी ठरावीक आरपीएमच्या खाली-वर नायट्रस बंद करणारा स्विच लागतो. मेसेजमध्ये त्याचं नाव नाही.

मायलेजवर शब्द वाया घालवत नाही. जास्त पेट्रोल जाळल्याशिवाय नायट्रसचा जोर येत नाही. आणि शंभर हॉर्सपॉवरच्या शॉटला साडेचार किलोची बाटली दीड-दोन मिनिटांत संपते.

राहिला कायदा. ‘सीएनजी किट चालतं मग हे का नाही’ असं मेसेजमध्ये विचारलंय. सीएनजी किटला मान्यता घ्यावी लागते, आरसीवर नोंद करावी लागते, सिलेंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंधन बदलायची सूट त्याच कलमात आहे, मंजूर किट असेल तर. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर निकाल देऊन हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय दाबाखालच्या गॅसच्या सिलेंडरला गॅस सिलेंडर नियम २०१६ लागू होतात. ते राबवणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, भाच्याच्याच गावात. मंजुरीचा शिक्का नसलेली, परदेशातून कुरिअरने आलेली बाटली भरणं आणि बाळगणं हाही गुन्हाच. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ज्यांनी आधीच बसवून घेतलंय त्यांच्यासाठी: बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा. गाडी मोकळ्या जागेत, सावलीत लावून दारं आणि डिकी उघडी ठेवा. बंद गॅरेजात गॅस सोडून बाटली रिकामी करू नका. लाइन स्वतः सोडायला जाऊ नका. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही तिच्यात द्रव अडकलेला असतो, तो उणे ८८ अंशांना उकळतो, आणि हातावर उडाला तर कातडी गोठून भाजल्यासारखी होते. परवाना असलेल्या गॅस पुरवठादाराला बोलवा, बाटली त्याच्याच माणसांना काढू द्या आणि त्यांच्याच उघड्या गाडीतून जाऊ द्या.