कुंपण कोणी ताणलं?

आमच्या वावराचं कुंपण आप्पांनी ताणून दिलं, असं गावात ठरलंय. चहाच्या टपरीवर ठरलं, दूध डेअरीवर ठरलं आणि आता आमच्या घरातही बहुमतानं मंजूर झाल्यात जमा आहे. आप्पांनी त्या तारेला हात लावला नाही हो. म्हणजे लावला, पण उपरणं वाळत टाकायला.

वावर अमळनेर-पारोळा रस्त्याला लागून, म्हणजे येणाराजाणारा प्रत्येक माणूस आपला सल्लागार. सिमेंटचे पोल, चार ओळी काटेरी तार, आत कारल्याचा मांडव. हिवाळ्यात मारलेली टाईट तार मे महिन्यात पोटं काढते, मांडवाची तार तर वेलाच्या वजनानं पार कमरेपर्यंत येते आणि तोडणीला बाया वाकून वाकून मला शिव्या देतात (मनातल्या मनात देतात, पण ऐकू येतात).

तर तालुक्याच्या दुकानात गेलो, तार ताणायचं मशीन द्या म्हटलं. दुकानदारानं पक्कड काढून ठेवली. म्हटलं दादा ही पक्कड आहे. तो म्हणे, सगळे याच्यानीच ताणतात सर. मग आतून टर्नबकल आणलं. वस्तू चांगली आहे, दोन्ही टोकांना उलटसुलट आटे, मधला भाग फिरवला की तार जवळ येते, पण येऊन येऊन किती येणार, चार बोटं. आमच्याकडे हातभर ढिल. मांडवाच्या साध्या तारेसाठी मी रॅचेटच्या फिरक्या घेतल्या, तार मधल्या भोकातून ओवायची, चावीनं गुंडाळायची, दाता खटक्यात अडकतो आणि तार मागे जात नाही, फिरकी तिथंच तारेवर राहते, पुढच्या वर्षी परत दोन दाते फिरवायचे. कुंपणाला मात्र हे चालत नाही, काटे गुंडाळ्यात अडकतात. त्याच्यासाठी शेवटी ऑनलाईन मागवलं ते दोन जबड्यांचं, मधे साखळी आणि एक लांब दांडा. जबडे तारेला चावून धरतात, जितकं ओढाल तितकं जास्त चावतात, आणि दांडा पुढेमागे केला की साखळीची एकेक कडी सरकत जाऊन दोन्ही टोकं जवळ येतात. साडेअकराशे रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, आप्पांनी ठेवलाय.

तारेचं सांगायचं राहिलं. तार मिळते किलोवर आणि नंबरावर, आणि नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला एकदा शेतात आणून उभं करायला पाहिजे. 12 गेज म्हणजे 2.64 मिलिमीटर, 14 गेज म्हणजे 2.03. साधी तार 12 ची घेतली तर किलोत 23 मीटरच्या आसपास बसते, 14 ची घेतली तर 39. म्हणजे नंबर वाढला की किलोमागं लांबी वाढते, आपल्याला वाटतं फायदा झाला, आणि पहिल्याच वादळात मांडव आडवा. मी आणलेल्या '12 नंबर'च्या तारेला शाळेच्या लॅबमधला स्क्रू गेज लावून पाहिला. जे निघालं ते काही 2.64 नव्हतं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणे, "सर, सगळीकडे असंच येतं." खतात असंच येतं, बियाण्यात असंच येतं, आता तारेतही असंच येतं. वर बिल मागितलं तर "जीएसटी लागेल मग" अशी धमकी. असो, राग डोक्यात जातो, तार राहून जाते.

तर रविवारी सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आधी, मी एकटाच कोपऱ्यावर. आधी कोपऱ्याच्या पोलाला आतून तिरका टेकू दिला, बाहेरून जमिनीत मोठा दगड पुरून त्याला तार बांधली. कारण सगळा ओढा त्या एका पोलावर येतो, तो झुकला की वरचं सगळं ताणणं पाण्यात. मग जबडे लावले, दांडा धरला, आणि रस्त्यावर मोटरसायकल थांबली. थांबली म्हणजे बंद नाही केली. बाजूला दुधाची किटली, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडीवर तसेच बसलेले आप्पा.

"काय करी ऱ्हायनात मास्तर?"

"तार ताणी ऱ्हायनू आप्पा."

"तार ताणाले मशीन लागस?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी दांडा मारला, खट. आप्पांनी मान डोलावली, मला वाटलं कौतुक. "कितलाले लिधं?" म्हटलं साडेअकराशे. त्यावर आप्पांनी गाडी बंद केली. आमच्याकडे किंमत ऐकून माणसानं गाडी बंद केली की समजायचं, आता अर्धा दिवस गेला.

"साडेअकराशे!" असं ते आधी मला म्हणाले, मग पलीकडून शेळ्या घेऊन चाललेल्या पोराला म्हणाले, मग रस्त्यानं जाणाऱ्या एका रिक्षावाल्याला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यालाही हात करून थांबवून म्हणाले. रिक्षावाल्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, तसं डीएडच्या प्रॅक्टिकललाही कोणी पाहिलं नव्हतं. "आमना टाईमले पहारवर काम व्हई जाये," आप्पा म्हणाले आणि तारेजवळ आले.

आता सुरू झाली कॉमेंट्री. मी एक कडी ओढली, "ढिल्ली शे आजून." दुसरी ओढली, "आते जास्त व्हई गयी." म्हणजे एका कडीच्या अलीकडं आप्पांचं समाधान होतं आणि पलीकडंही होतं, फक्त मी जिथं असेन तिथं ते नव्हतं. मी उगाच विज्ञान सांगायला गेलो, सवय असते. म्हटलं आप्पा, लोखंड तापलं की लांबतं, 100 मीटर तार जानेवारीतल्या पहाटेच्या 10 अंशांवरून मेच्या 45 वर गेली की साधारण 4 सेंटिमीटर लांबते, म्हणून ढिली पडते, आणि आत्ता उन्हात गच्च ताणली तर थंडीत तीच 4 सेंटिमीटर आखडायला बघणार, 12 गेजच्या एका पदराला चाळीस-पंचेचाळीस किलोचा जादा ओढा, मग एकतर पोल वाकणार नाहीतर सांधा सुटणार, म्हणून मी आत्ता थोडी मोकळीक ठेवतोय. बोर्डाच्या परीक्षेत याला पूर्ण मार्क पडले असते.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "उनमा तार लांबस? मंग मी बी लांबाले पाहिजे व्हतू. साठ वरीस उनमा काढात." शेळ्यांवाला पोरगा हसला. तो माझ्याच वर्गात आहे.

मग आली सासऱ्याच्या वावरातली गोष्ट. मी जरा जोरात ओढलं की आप्पा दोन पावलं मागं सरकायचे आणि सांगायचे, की त्यांच्या सासऱ्याच्या वावरात अशीच तार ताणत होते, ट्रॅक्टरला बांधून, आणि तार तुटली आणि बैलाच्या शिंगाचं टोक उडालं. बरोबर आहे, तुटलेली तार चाबकासारखी येते, म्हणून मी हातमोजे आणि चष्मा घालून तारेच्या एका अंगाला उभा होतो, तिच्या सरळ रेषेत नाही. थोड्या वेळानं तीच तार सासऱ्याच्या सालदाराच्या कानाला लागली. मी म्हटलं बैल होता ना? "बैल बी व्हता." मग एक म्हातारा सायकल थांबवून ऐकायला उभा राहिला तेव्हा सासऱ्याचं स्वतःचं बोट गेलं. तारेनं एका झटक्यात बैल, सालदार आणि सासरा असे तिघे कापले आणि ट्रॅक्टरवाला तेवढा वाचला, कारण तो आप्पांचा मेहुणा.

आणि मधेच विप्रो. मला अजून कळलं नाही तारेवरून विप्रो कसं आलं. 1945 साली विप्रो वनस्पती तुपाची कंपनी म्हणून आमच्या अमळनेरात निघाली हे खरंच आहे, आणि ज्यांनी तेव्हाचे शेअर सांभाळले ते बसून खातात हेही खरं, पण आप्पांचे वडील ते शेअर घेणार होते आणि त्या दिवशी म्हैस व्यायली म्हणून राहून गेलं, हे ऐकताना मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभा होतो आणि मनगटं थरथरत होती. "नाहीतं आज मी बी कंपाऊंडची भिंत बांधतू," आप्पा म्हणाले, म्हणजे तारेचं कुंपण हे विप्रोचे शेअर न घेणाऱ्यांचं लक्षण.

खरी कसोटी सांध्याला. दोन्ही टोकं जबड्यांत धरलेली, मधली ढिल आता मोकळी, ती कापून दोन टोकांचे आकडे करून एकमेकांत अडकवायचे आणि प्रत्येक शेपटी आपल्याच तारेवर पीळ मारत न्यायची. मशीन तोवर सगळा ओढा धरून ठेवतं, हाच त्याचा साडेअकराशेचा फायदा. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तार, घाम चष्म्यात.

"आगपेटी शे का मास्तर?"

म्हटलं खिशात बघा. बघितली. बिडी पेटवली. घाम पुसलेलं उपरणं माझ्या वरच्या, नुकत्याच ताणलेल्या तारेवर टाकलं, काट्यांत नीट अडकवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. "आते ताणनी," ते म्हणाले. तेवढं एक सर्टिफिकेट मिळालं, तेही उपरण्याच्या बाबतीत.

या काटेरी तारेचा तो अमेरिकेतला ग्लिडन, डेकाल्बचा शेतकरी, 1874 साली पेटंट घेतलेला, त्यानं म्हणे काटे वळायला घरची कॉफी दळायची चक्की वापरली. मी एकदा मिक्सरच्या भांड्याला खिळे धुवायला हात लावला होता तर घरात आठवडाभर अबोला. आणि त्याच्या बांधावर कोणी आप्पा येऊन बसला नसणार, नाहीतर पेटंट आप्पाच्या नावावर निघालं असतं.

काम संपलं. चारही ओळी बोटानं छेडल्या तर सूर काढतील अशा. आणि आप्पांना कारली दिसली. शुगरला चांगली असतात म्हणे. फाटक पन्नास पावलांवर. आप्पांनी खालच्या तारेवर चपलेचा पाय ठेवला, सगळा भार देऊन ती दाबली, वरची हातानं उचलली आणि मधून आत गेले. मी पाहत होतो. पोलाला तार धरून ठेवणारी बांधणी करकरली. ओंजळभर कारली घेऊन तसेच, तिथूनच, परत आले.

रानडुकरं खालून घुसतात, रोही (नीलगाय) वरून उडी मारतो, मान्य, त्यांचं पोट आहे. पण माझी तार वर्षभर ढिली करतो तो माणूस. शॉर्टकटवाला, शेण वेचणारी, क्रिकेटचा बॉल आणायला येणारी माझीच पोरं, आणि ज्यांचं स्वतःचं कुंपण आहे ते शेजारी. एकही जण फाटकापर्यंत चालत नाही. मी फाटकाला कधी कुलूपही लावलेलं नाही, तरी नाही. मग ग्रामसभेत हेच लोक जनावरांच्या त्रासावर पोटतिडकीनं बोलतात.

संध्याकाळी टपरीवर गेलो तर विषय झालेला होता. आप्पांनी मास्तरला सांगून सांगून तार ताणून घेतली, मास्तर तर तोडणारच होता. घरी आलो तर हिनं विचारलं, आप्पांना चहा तरी दिला का, उन्हात उभे होते बिचारे.

आणि परवा आप्पा दारात. त्यांचं स्वतःचं कुंपण करायचंय, दोन दिवस मशीन पाहिजे. म्हटलं आप्पा, पहार? ते म्हणे पहार शे, पन आते वय झालं. दिलं. नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही, उद्या त्यांच्याच विहिरीवरून पाण्याची पाळी मागायची असते.

आज फोन केला, कुंपणाची कोपऱ्याची तार परत ढिली झालीय, मशीन लागतंय म्हटलं. पलीकडून आधी बिडीचा झुरका ऐकू आला.

"ली जा मास्तर. पन साडेअकराशे जास्त दिनात तुम्ही. मशीन बी ढिल्लंच शे."