फ्रिडाच्या आधी मारिया होती

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोच्या फोटोसोबत एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत एकल प्रदर्शन भरवणारी पहिली मेक्सिकन स्त्री फ्रिडाच, भित्तिचित्रांचं अवघड काम मेक्सिकोतल्या बायकांनी मागितलंच नाही, आणि मुद्राचित्रं (कोरलेल्या ठशावरून छापलेली चित्रं) करणाऱ्या होत्या, पण ती छापील नक्कल. फ्रिडा मलाही प्रिय आहे. पण तिला मोठं करण्यासाठी बाकीच्यांना पुसून टाकलेलं मला सहन होत नाही.

पहिलं विधान तारखाच खोडून काढतात. फ्रिडाचं न्यूयॉर्कमधलं प्रदर्शन १९३८चं. मेक्सिकन चित्रकार मारिया इस्किएर्दोचं, त्याच शहरातल्या आर्ट सेंटरमधलं, १९३०चं.

आता भिंतींविषयी. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या सान हुआन दे लोस लागोसची ही मारिया. चौदाव्या वर्षी लग्न, मग मुलं, आणि त्यानंतर १९२८मध्ये सान कार्लोस कला अकादमीत प्रवेश. तिथे नामवंत भित्तिचित्रकार दिएगो रिवेराने तिची वाखाणणी केली. १९४५मध्ये मेक्सिको सिटीतल्या सरकारी इमारतीच्या भित्तिचित्राचं काम तिला रीतसर करार करून मिळालं. तेव्हा त्याच रिवेराने आणि दुसरा बडा भित्तिचित्रकार सिकेरोस याने तिला फ्रेस्कोचा, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवण्याचा, अनुभव नाही म्हणून आडकाठी घातली आणि काम गेलं. तिने सुटे फलक रंगवून आपली तयारी दाखवली, तरी भिंत मिळाली नाही. म्हणजे मागितली नव्हती असं नाही, हातातली काढून घेतली. १९४८मध्ये अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तरी ती रंगवत राहिली. घरगुती वेदी, त्यावरचे गव्हाचे कोंब, संत्री, सर्कशीत घोड्यावर स्वार झालेल्या बायका: मेक्सिकोच्या मातीतलं हे सगळं तिच्या चित्रांत आहे.

राहिली ‘नक्कल’. एलिझाबेथ कॅटलेट जन्माने अमेरिकन, १९६२पासून मेक्सिकन नागरिक. मेक्सिको सिटीतल्या ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ या मुद्राचित्रकारांच्या कार्यशाळेत तिने १९४६-४७मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांवर पंधरा लिनोकट केले. लिनोकट म्हणजे लिनोलियमवर चित्र उलटं कोरायचं, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. नक्कल व्हायला आधी मूळ चित्र हवं. इथे ठसा कागदावर उमटतो तेव्हाच चित्र जन्माला येतं. तिचं ‘शेअरक्रॉपर’ बघा. रुंद काठाची टोपी घातलेली, वाट्याने शेती करणारी बाई, आणि तिचं जाकीट बंद ठेवणारी एक सेफ्टी पिन. ती पिनही त्या ठशातूनच कागदावर उमटली.