आपलं काय चोरणार?

"आपल्या टॉवेलच्या डिझाईनी चोरायला कोण येणार की दादा?" धाकट्या भावाच्या या एका वाक्यानं माझा रविवार नासला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा कारखाना आहे, तिथं सहा संगणक घ्यायचे होते. मी एवढंच म्हणालो, की दुकानदाराला विचार, आतलं मॅनेजमेंट इंजिन बंद करून मिळतं का. पठ्ठ्यानं ते फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि नव्या पेठेपासून पुण्यापर्यंत सगळे हसले.

हसा. इंटेलच्या २००८ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा संगणक दडलेला असतो; तेच हे मॅनेजमेंट इंजिन. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीनंही पुढं तसंच केलं. मशीन बंद केलं तरी वीज असेपर्यंत इंटेलचा हा पाहुणा जागा राहू शकतो. त्याचा कोड कंपनीच्या सहीचा, आपल्याला बदलता येत नाही. आत मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते हे २०१७ मध्ये उघड झालं; मिनिक्सचे कर्ते, ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक टॅनेनबाम, यांनाही कंपनीनं कळवलं नव्हतं. त्याच वर्षी कळलं, की त्याच इंजिनातल्या, दुरून संगणक सांभाळायच्या सोयीत पासवर्डच्या जागी काहीच न पाठवता शिरता येत होतं. ते इंजिन निजवायची एक कळही सापडली, अमेरिकी सरकारी कामासाठी ठेवलेली. मुद्दाम हेर बसवलाय, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. आमच्या वडिलांच्या मागावर जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असायची. चादरीवरचा मोर लंगडा निघाला की वडील कार्ड उजेडाला धरून चुकलेलं भोक शोधायचे. सातवी शिकलेला माणूस! त्यांच्याच घरात आता म्हणतात, आत काय आहे ते बघून करायचंय काय?

इथं नेदरलँड्समध्ये असं चालत नाही, असंही मी ऐकवलं. २००६ मध्ये काही जणांनी मतदान यंत्र उघडून टीव्हीवर दाखवलं, पुढं यंत्रंच गेली. आम्ही आता तांबड्या पेन्सिलीनं गोल भरतो.

"आम्ही?" भावानं लिहिलं. खाली विचारलं, "आणि तुझ्या लॅपटॉपात काय आहे?"

तेच आहे. त्याच्यावरच डिजीडी, म्हणजे इथल्या सरकारी कामांचं लॉगिन, त्याच्यावरच बँक. आईंडहोवनला आल्यापासून तीन लॅपटॉप झाले, एकाही दुकानात मी तो प्रश्न विचारलेला नाही. सायकलवरून ओल्या कपड्यांनिशी आलेल्या परक्या माणसानं काउंटरवर शंका काढायची, याची लाज वाटते. सोलापूरच्या दुकानदाराला विचारायला मला हक्क वाटतो.

मग त्यानं फोनच केला. "दादा, आईच्या खोलीत कॅमेरा कुणी बसवला? रात्री-अपरात्री तिकडनं बघतोस. तिला सांगितलंयस का, कधी बघतोस ते?"

काळजीपोटी, म्हणालो.

"त्ये बी काळजीपोटीच म्हणत असतील की."

फोन ठेवून मी सवयीनं ॲप उघडलं. पडदा सगळा पांढरा, कडेला निळी पट्टी. आमच्याच कारखान्याचा टॉवेल होता.

आईला विचारलं, कधीपासून टाकतेस? म्हणाली, "रोज दुपारी. तुला आजच दिसला होय?"