ल्लीनची बंद दारं आणि आमची घरपट्टी

गुहागरकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिने एकच वाद पेटलाय: समुद्राकडच्या जमिनी बाहेरच्यांना विकायच्या की नाही. सर्वांत तावातावाने लिहितात ते मुंबईकर. मीही लिहिलं होतं, मँचेस्टरहून. मग मार्चमध्ये चार दिवस वेल्सच्या ल्लीन द्वीपकल्पावर गेलो आणि तोंड जरा मिटलं.

ल्लीन म्हणजे आयरिश समुद्रात घुसलेला चिंचोळा भूभाग. उत्तर किनाऱ्यावर पोर्थडिनल्लाइन, पुळणीलाच टेकलेली मूठभर घरांची वाडी. 1994 पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. पाहुण्यांनी गाडी लांब ठेवायची आणि पुळणीवरून किंवा गोल्फच्या मैदानातून चालत यायचं. हर्णैची आठवण आली, फक्त मासळीचा वास नाही.

दक्षिणेला आबरसोख. संध्याकाळी एका गल्लीत चौदा घरं मोजली, दिवा तिघांकडे. बाकीच्या दारांशेजारी आकड्यांच्या कुलपाची पेटी, आत पाहुण्यांसाठी किल्ली. इथली शाळा 2021 मध्ये बंद झाली, मुलं मोजकीच उरली होती. आम्ही उतरलो होतो तेही अशाच एका घरात, हे कबूल करतो.

इथल्या ग्विनेद कौन्सिलने एप्रिल 2023 पासून दुसऱ्या घरांवर, म्हणजे मालक कायम राहत नाही अशा घरांवर, कौन्सिल टॅक्सचा (तिकडच्या घरपट्टीचा) 150 टक्के अधिभार लावला, म्हणजे एकूण अडीचपट. मालक लंडनचा इंग्रज असो की कार्डिफचा वेल्शभाषक, पट्टी तीच. मला हे पटलं. आपण जमीन घेणाऱ्याचं आडनाव बघतो. घर वर्षात किती दिवस उघडं असतं, ते विचारत नाही. विचारलं तर पहिला नंबर आमचाच: गणपतीचे पाच दिवस, जमलं तर मे महिन्यात आठ. उद्या ग्रामपंचायतीने बंद घरांना अडीचपट घरपट्टी लावली, तर सर्वांत मोठी बोंब आम्हीच मारू.

अर्थात नुसत्या पट्टीने आपलं भागणार नाही. तिकडे गावात राहू पाहणारे तरुण आहेत, त्यांना घर परवडत नाही. आपल्याकडे घरं आहेत, तरुण विरारला.

किल्ली शेजारच्या काकांकडे असते. काल त्यांचा मेसेज आला, "पावसाच्या आधी कौलं चाळून घेऊ काय रे, की यंदाही राहू दे?"

अजून उत्तर दिलेलं नाही.